उत्तर ‘जुळवू’ नका!

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी म्हणजे आमच्याकडे घरात बोलायची आणि आजीशी भांडायची भाषा. दहावीनंतर मराठीत चार ओळी लिहायची वेळ आलीच नाही. त्यामुळे या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ मराठी विभागाच्या संपादकांनी सुधारले असतील तर त्यांचे आभार, आणि राहिलेल्या चुका माझ्या. पण आज मला बोलायचंय ते एका वेगळ्याच चुकीबद्दल. ती मी स्वतः केली, मुद्दाम केली, आणि तिच्याबद्दल मला दहापैकी नऊ मार्क मिळाले!

एफईचं दुसरं सेमिस्टर. फिजिक्स लॅब. प्रयोग न्यूटन्स रिंग्जचा. विसरला असाल तर आठवण करून देते. सपाट काचेवर भिंग ठेवायचं, सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड टाकायचा, मायक्रोस्कोपमधून गोल गोल कडी दिसतात, त्यांचे व्यास मोजायचे आणि त्यावरून उजेडाची तरंगलांबी काढायची. उत्तर सगळ्यांना आधीपासून पाठ असतं : ५८९३ अँगस्ट्रॉम. मला आणि माझ्या पार्टनरला आलं ६१५० च्या आसपास. म्हणजे चार टक्क्यांहून थोडी जास्त चूक. लॅब संपायला दहा मिनिटं राहिलेली. मग आम्ही काय केलं? तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी केलंय तेच. ५८९३ पासून उलटं गणित मांडलं, त्यातून व्यास ‘काढले’, खरं वाटावं म्हणून दोन-तीन रीडिंग्ज थोडी इकडे तिकडे केली आणि ५८८७ वर गाडी आणून उभी केली. सही झाली. विषय संपला.

त्याच टेबलवर आदल्या दिवशी माझ्या रूममेटच्या बॅचने प्रयोग केला होता. तिलाही सहा हजाराच्या वरच उत्तर आलेलं. पण ती पडली साधी. जे आलं ते लिहिलं. तिच्या जर्नलवर लाल शाईत ‘रिपीट’ आलं आणि शेवटी मार्क पडले सहा. मी तिला त्या रात्री मेसमध्ये चक्क हसले होते. “अगं, एवढंही जुळवता येत नाही तुला?”

टीईला मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये सरांनी ‘बॅकलॅश’ शिकवला तेव्हा माझं हसू उतरलं. स्क्रू एका दिशेने फिरवत नेला आणि मग उलटा फिरवला की सुरुवातीला नुसता ड्रम फिरतो, मायक्रोस्कोप जागचा हलत नाही. आम्ही डावीकडची कडी मोजली डावीकडे जाताना, आणि उजवीकडची उजवीकडे जाताना. म्हणजे प्रत्येक व्यास त्या ढिल्या स्क्रूइतका जास्त आला. पुढे गणितात व्यासांचे वर्ग घ्यायचे असतात, त्यामुळे ही वाढ वजाबाकीत उडून जात नाही. मी रूमवर येऊन हिशोब केला. व्यासात ०.२ मिलिमीटरची चूक धरली तर तरंगलांबी बरोबर चार टक्क्यांच्या आसपास वाढते! म्हणजे आमचं ६१५० हे वेडंवाकडं उत्तर नव्हतंच. तो मायक्रोस्कोप आम्हाला ओरडून सांगत होता की माझा स्क्रू ढिला आहे. आम्ही त्याचं तोंड दाबलं आणि नऊ मार्क घेतले.

ही गोष्ट मी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मामेभावाला सांगितली. तो फिजिक्समध्ये पीएचडी करतोय. मला वाटलं हसेल. पण तो म्हणाला, “चार टक्के? अगं, आमच्याकडे त्याहून कमी फरकातून एक आख्खं नवीन प्रकरण निघालं होतं. आणि आता भांडण चाललंय ते टक्क्याच्या दहाव्या भागावर.” मग त्या रात्री दोन वाजेपर्यंत दादाने मला बीटा क्षयाची गोष्ट सांगितली. पुढे लायब्ररीत बसून मी ती आणखी वाचून काढली. तीच तुम्हाला सांगणार आहे. घाबरू नका, एकही समीकरण नाहीये. आणि माझं जे म्हणणं आहे ते या गोष्टीतूनच निघतं, म्हणून थोडा धीर धरा.

बारावीत आपण बीटा क्षय शिकलो. अणुकेंद्रातला न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. काही केंद्रकांत उलटं, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि पॉझिट्रॉन बाहेर पडतो. बरोबर एक न्यूट्रिनो किंवा त्याचा प्रतिकण असतोच. हे घडवणारं बल म्हणजे ‘वीक फोर्स’. दुसरीकडे म्युऑन नावाचा एक कण आहे, इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ म्हणा. तोही सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत मोडतो, आणि तेही याच बलाने. आता बल एकच असेल तर त्याची ताकद दोन्हीकडे सारखी निघायला हवी ना?

१९५८ मध्ये रिचर्ड फाइनमन आणि मरे गेल-मान यांनी हेच तपासलं. ऑक्सिजन-१४ नावाचं एक केंद्रक आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे ७१ सेकंद. त्याच्या क्षयावरून बलाची ताकद काढली आणि त्या ताकदीने म्युऑनचं आयुष्य किती यावं ते मांडलं. आलं २.२६ मायक्रोसेकंद. प्रयोगात मोजलेलं होतं २.२२. फरक दोन टक्क्यांच्या आत! आपण असतो तर काय लिहिलं असतं? ‘रिझल्ट : हेन्स व्हेरिफाइड.’ आणि कॅन्टीन.

पण तिथे कोणी वही मिटली नाही. कारण हिशोबात एक गोष्ट धरायची राहिली होती. बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन विद्युतभारित असतो. भारित कण एकटा कधीच नसतो. तो जाता जाता फोटॉन सोडतो, सोडलेला परत गिळतो, आजूबाजूच्या भारांशी फोटॉनची देवाणघेवाण करतो. या सगळ्यामुळे क्षयाचा वेग थोडासा बदलतो. या बदलाच्या हिशोबाला म्हणतात ‘रेडिएटिव्ह करेक्शन’. बर्मन, किनोशिता आणि सर्लिन या लोकांनी १९५८-५९ मध्ये हा हिशोब घातला. मनातून सगळ्यांना काय वाटत असेल? की ही दुरुस्ती केली की उरलेला फरक भरून निघेल. झालं उलटंच. दुरुस्ती केल्यावर फरक कमी झाला नाही, तो वाढला!

आता इथे थांबा आणि स्वतःला त्यांच्या जागी ठेवा. महिनोन्‌महिने गणित करून उत्तर आधीपेक्षा वाईट आलंय. लॅबमधले आपण असतो तर तो कागद चुरगळून टाकला असता. त्यांनी तो छापला.

आणि तो छापला म्हणूनच पुढची पायरी सापडली. १९६३ मध्ये निकोला कॅबिबो या अठ्ठावीस वर्षांच्या इटालियन माणसाने म्हटलं की फरक खरा आहे, त्याला जुळवायला जाऊ नका. बलाची एकूण ताकद तेवढीच आहे, पण इथे तिची वाटणी झालीये. मोठा वाटा नेहमीच्या बीटा क्षयाला मिळतो आणि छोटा वाटा ‘स्ट्रेंज’ नावाच्या कणांच्या क्षयाला. बीटा क्षयात जे थोडंसं कमी पडत होतं ते हरवलं नव्हतं, शेजारच्या घरात जमा होतं. तेव्हा ‘क्वार्क’ हा शब्दही आलेला नव्हता, तो १९६४ चा. पुढे १९७३ मध्ये जपानच्या कोबायाशी आणि मास्कावा यांनी या वाटणीत तिसरं घर जोडलं. त्याबद्दल त्या दोघांना २००८ चं नोबेल मिळालं. कॅबिबोला मिळालं नाही, ही हळहळ दादाच्या क्षेत्रात अजून ऐकू येते.

आजच्या भाषेत सांगायचं तर ‘अप’ क्वार्कचं नातं तिघांशी आहे : डाउन, स्ट्रेंज आणि बॉटम. प्रत्येक नात्याला एक आकडा. त्या तीन आकड्यांचे वर्ग करून बेरीज केली की बरोबर १ यायला हवी, कारण वाटण्या सगळ्या मिळून पूर्ण रुपयाच होणार. बेरीज १ पेक्षा कमी आली तर एक तर मोजण्यात चूक आहे, किंवा दुरुस्तीत चूक आहे, किंवा आपल्याला माहीत नसलेलं चौथं काहीतरी आहे.

यातला सगळ्यात मोठा आकडा, डाउनचा, येतो बीटा क्षयातून. ऑक्सिजन-१४ सारखी ठरावीक प्रकारची केंद्रकं घ्यायची आणि तीन गोष्टी मोजायच्या : अर्धायुष्य, क्षयात सुटणारी ऊर्जा आणि शंभरातले किती क्षय नेमक्या आपल्याला हव्या त्या वाटेने जातात. जॉन हार्डी आणि इयन टाउनर या दोघांनी जवळजवळ पन्नास वर्षं जगभरच्या अशा मोजमापांचा ताळेबंद ठेवला. त्यांच्या २०२० च्या यादीत कार्बन-१० पासून रुबिडियम-७४ पर्यंत पंधरा केंद्रकं आहेत आणि दोनशेहून जास्त मोजमापं. कार्बन-१० चं अर्धायुष्य सुमारे १९ सेकंद, रुबिडियम-७४ चं एका सेकंदाचा पंधरावा भाग. दोघांत कुठे काही साम्य नाही. कच्चे आकडे ३०४० पासून ३०८० च्या पुढेपर्यंत पसरलेले असतात. पण प्रत्येकावर आपापली दुरुस्ती केली की सगळे येऊन ३०७२ सेकंदांजवळ उभे राहतात!

तुम्ही म्हणाल, “अगं, मग हेही जुळवणंच झालं की!” मलाही पहिल्यांदा हेच वाटलं. दादाशी या मुद्द्यावर मी तासभर वाद घातला. म्हणून नीट सांगते, कारण माझ्या लेखाचा गाभा हाच आहे.

दुरुस्त्या तीन प्रकारच्या. पहिली, बाहेर पडणाऱ्या कणाच्या ऊर्जेवर आणि केंद्रकाच्या भारावर अवलंबून असणारी, साधारण दीड टक्का. दुसरी, सगळ्या केंद्रकांना सारखीच लागणारी, साधारण २.४ टक्के. तिसरी, त्या त्या केंद्रकाच्या आतल्या रचनेमुळे येणारी, काही दशांश टक्क्यांपासून टक्का-दीड टक्क्यापर्यंत. प्रत्येकीमागे एक कारण आहे, ते कागदावर लिहिलेलं आहे, आणि ‘हा आकडा एवढ्याने चुकू शकतो’ हेही शेजारी लिहिलेलं आहे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दुरुस्ती कारणावरून निघते. उत्तर कुठे जाऊन पडायला हवं यावरून ती ठरवत नाहीत. जुळवण्याचं बरोबर उलटं. तिथे उत्तरावरून सुरुवात होते, कारण नंतरही सांगता येत नाही, आणि शेजारी चुकीचा अंदाज लिहायची कोणाची हिंमत नसते. बॅकलॅशचा हिशोब ही दुरुस्ती. ५८९३ पासून उलटं गणित ही चोरी. दोन्हींनी उत्तर सारखंच येईल, पण दोन्ही एक नाहीत!

हार्डी-टाउनरच्या यादीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ऐका. जी मोजमापं त्यांनी हिशोबात घेतली नाहीत, त्यांचीही ते यादी छापतात. का घेतली नाहीत, त्या कारणासकट. म्हणजे उद्या कोणाला वाटलं की यांनी हे उगाच वगळलं, तर त्याला ते उचलून परत तपासता येतं. आपल्या जर्नलमध्ये वगळलेलं रीडिंग कुठे असतं? खोडरबराच्या कचऱ्यात.

आता गोष्टीचा पुढचा भाग. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बेरीज येत होती साधारण ०.९९७. कमी पडत होती. बऱ्याच जणांचा संशय बीटा क्षयावरच, ‘यांच्या दुरुस्त्यांत काहीतरी गडबड आहे’. पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या एका प्रयोगाने दुसरा आकडा, म्हणजे स्ट्रेंजचा, नव्याने मोजला. जुनी नोंद कमी निघाली. २००४ मध्ये फर्मिलॅब आणि इतरांनीही तेच सांगितलं. आकडा ०.२२० वरून ०.२२५ च्या आसपास गेला आणि बेरीज झाली १. बीटा क्षयवाल्यांनी तेव्हा दबावाखाली आपला आकडा थोडा वर ढकलला असता, तर चूक भलत्याच ठिकाणी कायमची पुरली गेली असती. ते गप्प उभे राहिले आणि चूक जिथली होती तिथेच सापडली.

२००९ च्या ताळेबंदात बेरीज होती जवळजवळ ०.९९९९, चुकीचा अंदाज ०.०००६. म्हणजे अगदी ५८९३! पेढे वाटायचे आणि घरी जायचं. नाही का?

नाही. २०१८ मध्ये सेंग, गोर्श्टाइन, पटेल आणि रॅम्झी-मुसोल्फ या चौघांनी त्या ‘सगळ्यांना सारख्या’ दुरुस्तीतला सगळ्यात अवघड तुकडा पुन्हा उघडला. त्या तुकड्यात वीक फोर्सचा वाहक डब्ल्यू बोसॉन आणि एक फोटॉन अशी दोघांची एकदम देवाणघेवाण होते. आकृती काढली तर चौकोन दिसतो, म्हणून त्याला ‘बॉक्स’च म्हणतात. फार कमी ऊर्जेला आणि फार जास्त ऊर्जेला त्याचं गणित येतं. मधल्या टापूत क्वार्कांचा नुसता गोंधळ असतो. २००६ मध्ये मार्सियानो आणि सर्लिन यांनी तिथे दोन्ही टोकांना जोडणारा अंदाज घातला होता. (हो, तेच सर्लिन, १९५९ चे!) नव्या चौघांनी अंदाजाऐवजी खरी मोजमापं वापरायची ठरवली. आणि ती कुठे मिळाली असतील? न्यूट्रिनोंच्या जुन्या प्रयोगांच्या नोंदींत. ज्यांनी त्या नोंदी केल्या, त्यांच्या डोक्यात बीटा क्षय नव्हताच. पण त्यांनी जे दिसलं ते, चुकीच्या अंदाजासकट, प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. म्हणून कितीतरी वर्षांनी परक्या माणसांना ते कामाला आलं.

दुरुस्ती २.३६ टक्क्यांवरून २.४७ टक्क्यांवर गेली. फरक किती? एक दशांश टक्का. पण तेवढ्याने डाउनचा आकडा ०.९७४२ वरून ०.९७३७ झाला आणि छान जुळलेली बेरीज पुन्हा बिघडली. आजचे आकडे घालून तुम्हीच कॅल्क्युलेटरवर बघा : ०.९७३७ चा वर्ग ०.९४८१, ०.२२४३ चा वर्ग ०.०५०३, आणि बॉटमचा वाटा इतका लहान की चौथ्या दशांशातही दिसत नाही. बेरीज ०.९९८४.

कमी पडतं ०.००१६. चुकीचा अंदाज साधारण ०.०००७. म्हणजे फरक अंदाजाच्या दुपटीहून जास्त आहे, पण ‘शोध लागला’ असं ओरडण्याइतका नाही. कदाचित केंद्रकाच्या आतली दुरुस्ती अजून अपुरी असेल. कदाचित स्ट्रेंजच्या आकड्यात काही असेल. कदाचित खरंच काही नवीन असेल. तिन्ही दारं उघडी आहेत आणि तिन्हीकडे लोक काम करताहेत.

आणि या सगळ्यात हार्डी आणि टाउनर यांनी काय केलं? २०२० च्या ताळेबंदात त्यांनी नवीन दुरुस्ती स्वीकारली आणि केंद्रकाच्या रचनेबद्दल जी नवीन शंका निघाली होती ती मान्य करून त्या ३०७२ सेकंदांवरचा आपला चुकीचा अंदाज वाढवला. ०.७२ सेकंदावरून १.८५ सेकंदांवर. पन्नास वर्षांच्या कामानंतर दोन माणसं जगाला सांगतात की आम्हाला वाटत होतं त्यापेक्षा आमची खात्री कमी आहे! हे वाचलं तेव्हा मला माझे नऊ मार्क आठवले.

एक आक्षेप येईल तो मीच घेते. १९५७ मध्ये वीक फोर्सचं खरं रूप काय ते पहिल्यांदा मांडलं सुदर्शन आणि मार्शक यांनी. ई. सी. जी. सुदर्शन म्हणजे आपल्या केरळचे, आणि अमेरिकेला जाण्याआधी मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये काम केलेले. त्यांच्या सिद्धांताच्या विरुद्ध तेव्हा चार प्रयोग जात होते. त्यांनी सरळ लिहिलं की हे चार प्रयोग पुन्हा करून बघा. मग त्यांनी रीडिंग्ज चुकीची म्हटलेली चालतात आणि आम्ही बदलली तर का नाही? फरक एवढाच की त्यांनी ते उघड म्हटलं, नाव घेऊन म्हटलं आणि निकाल प्रयोगावरच सोडला. प्रयोग पुन्हा झाले आणि सुदर्शन बरोबर निघाले. उलटं झालं असतं तर ते चूक ठरले असते, आणि तेही सगळ्यांना दिसलं असतं. ‘रिपीट’ हा शब्द वाईट नाहीये हो. शिक्षा म्हणून लाल शाईत लिहिला की तो वाईट होतो.

दुसरा आक्षेप हॉस्टेलमध्ये हमखास निघतो. “आपण इंजिनिअर. आपल्याला चौथा दशांश घेऊन काय करायचंय?” खरंय, पुलाला किंवा गिअरबॉक्सला चौथा दशांश लागत नाही. पण सवय लागते. जो हात लॅबमध्ये चार टक्के सहज पुसतो, तो हात उद्या कंपनीत टेस्ट रिपोर्टवर सही करणार आहे. तिथे ढिला स्क्रू मायक्रोस्कोपचा नसेल.

आता सर-मॅडमना तीन विनंत्या. रागावू नका. एका बॅचला वीस मुलं, दोन तास आणि दिवे चार, हे आम्हालाही दिसतं. म्हणून एकही पैसा न लागणाऱ्याच गोष्टी मागते.

एक, दहातले निदान चार मार्क उत्तराला न देता ‘उत्तर असं का आलं असेल’ या परिच्छेदाला द्या. ६१५० लिहून बॅकलॅशचा संशय घेणाऱ्याला ५८८७ वाल्यापेक्षा जास्त मिळू देत.

दोन, रीडिंग्ज थेट जर्नलमध्ये, पेनने. चुकलं तर एक रेघ मारायची, खाली दिसेल अशी. कच्चा कागद आणि नंतर ‘फेअर’ हा प्रकारच बंद. सगळी जुळवाजुळव त्या दोहोंच्या मध्ये होते, हे आम्ही सांगायला नको, तुम्हीही कधी विद्यार्थी होतातच.

तीन, उत्तर लपवा. स्वित्झर्लंडमध्ये म्युऑनचं आयुष्य दहा लाखांत एक इतक्या बारकाईने मोजलं गेलं, २०११ चा निकाल २.१९६९८०३ मायक्रोसेकंद. त्या प्रयोगातल्या घड्याळाची नेमकी फ्रिक्वेन्सी हिशोब करणाऱ्या शास्त्रज्ञांपासूनच लपवून ठेवलेली होती! सगळं विश्लेषण संपल्यावर ती उघडली. म्हणजे कोणाला हवं तिकडे ढकलताच येऊ नये. त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता असं नाही. माणसाचा हात नकळत ओळखीच्या उत्तराकडे जातो हे त्यांना माहीत होतं. आपल्याकडे हे सहज जमेल. प्रत्येक टेबलवर वेगळं भिंग ठेवा आणि त्याची वक्रता त्रिज्या तुमच्याच वहीत ठेवा. व्यासांवर सही झाली की मग सांगा. बघू कोण उलटं गणित करतं ते!

आणि मित्र-मैत्रिणींनो, सगळं सरांवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. ज्युनियर्सना जर्नल आपणच देतो. ‘घे, यातून छाप’ हेही आपणच म्हणतो. ड्रॉइंगच्या शीटला काचेखाली दिवा लावून जीटी मारणं निदान कोणाच्या तरी खऱ्या रेघांवरून होतं. जर्नलमध्ये तर खोट्यावरून खोटं छापलं जातं, आणि दर वर्षी आणखी स्वच्छ अक्षरात!

हे मी कुठल्या तोंडाने सांगते? माझं एफईचं फिजिक्सचं जर्नल नीटनेटकं म्हणून प्रसिद्ध आहे. दोन वर्षं झाली, ते लेडीज हॉस्टेलच्या मजल्यामजल्यांवर फिरतंय. मध्यंतरी बॉईज हॉस्टेलला गेलं असं कळलं, आणि त्याचे फोटोही फोनवर फिरताहेत म्हणे. न्यूट्रिनोवाल्यांच्या नोंदी कितीतरी वर्षांनी कामाला आल्या. माझी नोंद दोन वर्षांत कितीजणांच्या वहीत गेली, कोण जाणे. ५८८७ हा आकडा तुमच्या जर्नलमध्ये असेल तर तो बहुतेक माझाच आहे. तो कुठल्याही मायक्रोस्कोपमधून आलेला नाही.

सध्या ते जर्नल ज्याच्याकडे असेल त्याने कृपया लेडीज हॉस्टेलच्या गेटवर आणून द्यावं. न्यूटन्स रिंग्जच्या पानावर एक तिरकी रेघ मारायची आहे, शेजारी ६१५० लिहायचंय, आणि का आलं तेही. आमच्या मेट्रॉलॉजीच्या सरांनी फिजिक्स लॅबमध्ये बोलून एक दुपार मिळवून दिलीये. तोच मायक्रोस्कोप, तेच टेबल. या वेळी पार्टनर म्हणून रूममेट येणार आहे. ‘येशील का?’ असं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “येते. पण रीडिंग मी लिहिणार.”